नाव न विचारणारा नळ

शनिवार पेठेत गादीवाल्या कमरआपांचं दुकान कुठं आहे असं विचारलं, तर सांगणारा रस्ता दाखवतोच, आणि वर न मागता एक सल्लाही देतो. ‘घासाघीस करू नका, बोलणी खाल.’ सल्ला खरा आहे. कमरआपांच्या दुकानात गिऱ्हाइकाला उशी दाबून बघायची मुभा आहे, पण तिसऱ्यांदा दाबली की आपा विचारतात, “कणीक मळताय का?” गिऱ्हाईक चपापतं, हसतं आणि उशी घेऊन जातं. न हसणारं गिऱ्हाईक आपांना नकोच असतं.

आपा जन्मानं विश्रांतवाडीच्या. लग्न होऊन पेठेत आल्या तेव्हा कापूस म्हणजे फक्त कानात घालायची वस्तू एवढंच त्यांना ठाऊक होतं. सासरे दादामियाँ गाद्या भरायचे. त्यांच्या दुकानात कापसाची भुकटी अशी उडायची की नव्या सुनेनं पहिला महिना शिंकण्यातच घालवला. पुढं नवरा ऐन उमेदीत गेला. नातेवाईक गोळा झाले, दुकान विकून टाक म्हणाले, बाईमाणसाचं काम नाही म्हणाले. आपांनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून दाभण हातात घेतलं. गादी शिवायची ती जाड, लांब सुई तेव्हापासून त्यांच्या हातात आहे. केस पिकले तेव्हा पेठेतल्या लोकांना बरेच दिवस वाटत होतं, कापूसच चिकटलाय.

पण पेठेत आपांचं खरं नाव झालं ते दुकानाबाहेरच्या नळामुळं.

हा नळ दादामियाँनी बसवला. कापूस पिंजणाऱ्याचा घसा सारखा सुकतो. आपला सुकतो तसा रस्त्यावरच्याचाही सुकत असणार, एवढा साधा विचार करून त्यांनी दुकानाच्या दारालगत पितळी नळ काढला आणि खाली दगडी डोणी ठेवली. सबील म्हणायचे ते त्याला. बाकीची पेठ पाणपोई म्हणायची. दादामियाँचे दोन नियम होते. एक, नळ पिळून बंद करायचा नाही, कारण म्हाताऱ्याच्या किंवा पोराच्या हाताला जोर लावायला लागू नये. दोन, पाणी पिणाऱ्याला नाव विचारायचं नाही. पहिल्या नियमामुळं नळाची बारीक धार कायम डोणीत पडत राहायची आणि गल्लीतली कुत्री-मांजरं तिथं येऊन प्यायची. दुसऱ्या नियमाचं कारण दादामियाँनी कधी सांगितलं नाही. आपांनीही विचारलं नाही. सासऱ्यांचं म्हणून पाळलं, एवढंच.

नळावर आपांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती. ‘पाणी प्या. बाटली भरा. मागं रांग आहे, हे लक्षात ठेवून गप्पा मारा.’ स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी विदर्भ-मराठवाड्यातली पोरं अभ्यासिकेतून बाटल्या घेऊन यायची. हमाल यायचे, रिक्षावाले यायचे. एक केरसुणीवाली यायची, डोक्यावर केरसुण्यांचा भारा घेऊन. भारा आपांच्या पायरीला टेकवायची, नळ सोडायची, ओंजळीनं प्यायची, तोंडावरून ओला हात फिरवायची आणि “येते भाभी” म्हणून निघायची. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. तिचं नाव आपांना माहीत नव्हतं आणि त्याचं कधी अडलंही नव्हतं.

जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा बिल्डरनं आपांपुढं मोठा रंगीत नकाशा पसरला. आपांनी चष्मा लावून तो इकडून तिकडं पाहिला आणि विचारलं, “नळ कुठाय?”

“बाहेर नळ असला की एलिव्हेशन बिघडतं, आपा.”

“बिघडू द्या. तुमच्या बिल्डिंगचं थोबाड बघायला कोणी येत नाही. पाणी प्यायला येतात.”

सगळ्या सभासदांच्या सह्या झाल्या, आपांची होईना. शेवटी बिल्डरनं नकाशात नळ काढून आणला, मग सही झाली. नवी इमारत उभी राहिली. खाली आपांचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर घर आणि दारालगत तोच पितळी नळ. आपांना वाटलं, आता या नळाला कोणाची दृष्ट लागायची नाही.

दृष्ट लागली ती मीटरची.

गेल्या वर्षी पेठेत पाण्याचे हुशार मीटर बसले. ‘जलनेत्र’ नावाची एक कंपनी होती, तिची माणसं येऊन इमारतीच्या मुख्य पाइपावर एक निळी डबी लावून गेली. ही डबी दिवसरात्र पाणी मोजते आणि मोजलेलं सगळं आपोआप कंपनीच्या कंट्रोल रूमला कळवते. आपांचा मुलगा तालिब हिंजवडीला आयटीत. त्यानं फोनवर आईला नकाशा दाखवला. पेठेतल्या सगळ्या इमारतींचे हिरवे ठिपके आणि मधोमध यांचा एकच लाल.

“लाल म्हणजे काय?”

“गळती, अम्मी. दिवसभर धार चालू असते ना नळाची. सिस्टिमला वाटतं, पाइप फुटलाय.”

“सिस्टिमला सांग, माणसं पितात.”

“सिस्टिमला असं सांगता येत नाही.”

“मग कसली हुशार!” आपा म्हणाल्या आणि उशीच्या खोळीत कापूस कोंबायला लागल्या.

विषय तिथं संपला नाही, कारण सोसायटीला अध्यक्ष होते. रावसाहेब, पहिला मजला, बँकेतून निवृत्त. दिवसाचे बरेच तास ते सूचनाफलकाच्या सेवेत घालवत. गळती थांबली नाही तर इमारतीचा पाणीपुरवठा आपोआप कमी होईल, असा कंपनीचा मेसेज सगळ्यांच्या फोनवर आला आणि त्याच संध्याकाळी फलकावर रावसाहेबांचं सुवाच्य अक्षर उमटलं. ‘एका सभासदाच्या दानशूरपणामुळे उरलेल्या सभासदांच्या आंघोळी धोक्यात आल्या आहेत. संबंधितांनी पुण्य बेताने करावे.’

आपांनी सभेत उभं राहून सांगितलं, “माझ्या घरचं पाणी कमी करा आणि नळाला घाला.”

“आणि आपण आंघोळ करणार नाही?” रावसाहेबांनी विचारलं.

“मी बादलीत करते, अध्यक्ष. तुमच्यासारखी पावसात उभी राहत नाही.”

रावसाहेबांच्या शॉवरची बातमी खाली कशी पोचली, हा प्रश्न त्यांना पुढं कितीतरी दिवस छळत होता.

मग कंपनीकडून नम्रता आली. तिशीतली मुलगी, हातात टॅब, चेहऱ्यावर दिवसभराचं ऊन. आपांनी तिला आधी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि मग भांडायला सुरुवात केली. मुलगी भांडणात कच्ची नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि डोणीत पडणाऱ्या धारेकडं बोट दाखवलं.

“मावशी, पिणाऱ्यांचं राहू दे. ही धार कोण पितंय?”

“कुत्री पितात. चिमण्या पितात.”

“मी मांजरी गावात राहते. आमच्या सोसायटीत टँकर येतो. तो आला नाही तर माझी आई भांडी तशीच ठेवते आणि मी ऑफिसमध्ये जाऊन तोंड धुते. तुमच्या चिमण्यांवर माझा राग नाही. पण मला ही धार बघवत नाही, खरं सांगते.”

आपांनी धारेखाली हात धरून पाहिला. नम्रता गेल्यावर त्यांनी प्लंबरला बोलावलं आणि दादामियाँचा पहिला नियम आपल्या हातानं मोडला. जुना नळ काढून अलगद फिरणारा आणि घट्ट बंद होणारा नवा बसवला. डोणीत रोज सकाळी स्वतः तांब्याभर पाणी ओतायला लागल्या. चूक होती, सुधारली. कोणी समोर येऊन सरळ बोललं तर आपांना ऐकायला येतं.

नकाशावरचा ठिपका लालचा नारिंगी झाला, हिरवा मात्र होईना. पिणारी माणसं होतीच ना. रावसाहेबांचे मेसेज चालूच राहिले. तालिब ऑफिसच्या बसमध्ये ते वाचायचा आणि वैतागायचा. अशातच कंपनीचा त्याला फोन आला. आमची एक योजना आहे, स्मार्ट पाणपोई. मशीन फुकट, पाणी शुद्ध आणि गार, वापराची नोंद होते म्हणून ठिपका हिरवा. तुमच्या नळाच्या जागी बसवू? तालिबनं विचार केला, आईचा नळही राहील आणि कटकटही जाईल. त्यानं फोनवरच संमतीचं बटण दाबलं. आईला विचारलं नाही. आई भाचीच्या लग्नाला विश्रांतवाडीला गेली होती, आणि तिला खुशखबर समोरासमोर द्यावी असं त्याला वाटलं. पोरगा वाईट नाही. त्याला वाटतं, बटण दाबलं की प्रश्न सुटतो. त्याच्या ऑफिसात सुटतही असतील.

आपा लग्नाहून परतल्या तर नळ नाही, डोणी नाही, पाटी नाही. दाराशी कपाटाएवढी स्टीलची पेटी उभी. तिला निळा पडदा, पडद्यावर हसणारा थेंब. आपा जवळ गेल्या तशी पेटीतून गोड आवाजात एक बाई बोलली, “नमस्कार. कृपया आपला मोबाइल क्रमांक टाका.”

आपांनी मागं वळून पाहिलं. बाईच्या आवाजाला त्यांनी नमस्कारही केला होता, हे पेठेत कोणाला कळलं नाही.

तालिबनं नंबर टाकून दाखवला. फोनवर ओटीपी आला, तो टाकला, पेला ठेवला, पाणी आलं. पाणी गार होतं. आपा ते प्यायल्या आणि गार आहे हे त्यांनी मान्यही केलं. “चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. तालिब खूश झाला. त्या तेव्हाच चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पुढं त्याला वाटलं.

पहिल्या दिवशी हमाल आला. त्याच्याकडं फोन होता, पण तो खिशात आणि डोक्यावर पोतं. पोतं खाली ठेवायचं, नंबर दाबायचा, मेसेजची वाट बघायची, तोवर पडदा पुन्हा थेंबावर. त्यानं दोनदा प्रयत्न केला आणि पोतं उचलून तसाच गेला. अभ्यासिकेतल्या पोरांचे फोन अभ्यासिकेच्या कपाटात बंद असत. अभ्यास व्हावा म्हणून तशी शिस्तच होती तिथं. पोरं रिकाम्या बाटल्या हलवत परत गेली. एका रिक्षावाल्यानं धिटाईनं नंबर टाकला, पाणी प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन आपांवरच भडकला. त्याला सकाळपासून विमा विकणाऱ्यांचे फोन येत होते. पाण्यामुळं येत होते की कशामुळं, कोण सांगणार! पण त्यानं पेटीकडं पाठ फिरवली ती कायमची.

ठिपका हिरवागार झाला. रावसाहेबांनी फलकावर अभिनंदन लिहिलं. माणसं तहानलेली परत जायला लागली की गळती थांबते, हे यंत्राला बरोब्बर कळलं होतं.

आपा स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी पेटीशेजारी स्टूल टाकलं आणि येईल त्याच्यासाठी स्वतःचा नंबर दाबायला सुरुवात केली. थोड्या वेळानं पेटी म्हणाली, “आपला आजचा कोटा संपला आहे.” मग तालिबचा नंबर टाकला, ओटीपी त्याला फोन करून विचारला. तोही संपला. मग पडद्याच्या कोपऱ्यात ‘पाहुणा नोंदणी’ असं एक बटण सापडलं. ते दाबलं की फोनची गरज नसते, फक्त पूर्ण नाव आणि वय भरावं लागतं. आपांना वाटलं, चला, वाट निघाली. येईल त्याला त्या विचारायच्या, टाइप करायच्या, पाणी द्यायच्या. लोकही सांगायचे. गादी शिवणारी बाई बघता बघता त्या पेटीची कारकून झाली आणि आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. माणूस मदत करण्याच्या भरात कुठल्या थराला जातो, ते मदत करताना दिसत नाही, हेच खरं.

मग एका दुपारी केरसुणीवाली आली. तिनं नेहमीसारखा भारा पायरीला टेकवला, हात पुढं केला, आणि नळ नाही हे पाहून हात तसाच हवेत राहिला.

“अगं, आता मशीन आहे,” आपा म्हणाल्या. “थांब, मी काढून देते.” त्यांनी बटण दाबलं, बोट पडद्यावर धरलं आणि मान वर न करता विचारलं, “नाव काय तुझं?”

बाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. आपांनी वर पाहिलं.

“नाव सांग, म्हणजे पाणी येतं.”

“इंदुबाई,” ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, “पुढचं बी पाहिजे का?”

पडद्यावर ‘पूर्ण नाव’ असंच लिहिलेलं होतं. “हो, पूर्ण लागतं,” आपा म्हणाल्या.

इंदुबाईनं पदर सारखा केला. रागावली नव्हती ती. रागावली असती तर आपांनी दोन शब्द ऐकवले असते, चार ऐकून घेतले असते आणि प्रकरण मिटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, “भाभी, आमच्या गावात लहानपनी पानी मागाया गेलं की आदी पुढचं नाव इचारायचे. मंग लांब उभं करून वरनं वतायचे. हितं कुनी इचारत न्हवतं. म्हनून मी लक्ष्मी रोडचं गिऱ्हाईक सोडून हिकडनं वळून जायची. मला वाटायचं, तुमाला ठावं हाय.”

तिनं भारा उचलला. पाणी न पिता निघाली. “येते भाभी” मात्र म्हणाली, आणि तेच आपांना जास्त लागलं.

पेटीतली बाई म्हणत होती, “कृपया माहिती पूर्ण भरा.”

आपा स्टुलावर बसून राहिल्या. लाज वाटली त्यांना. इतकी की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी उशी पाच वेळा दाबू दिली. दादामियाँनी नियमाचं कारण का सांगितलं नव्हतं, ते आता कळत होतं. त्यांना वाटलं असेल, यात सांगण्यासारखं काय आहे, कोणालाही समजेल. आणि घरच्याच सुनेला ते समजलं नव्हतं. तिनं नियम पाळला होता आणि पहिल्या सोयीच्या दिवशी सोडून दिला होता.

लाजेच्या मागोमाग राग आला आणि रागात मात्र आपांचा हात कोणी धरू शकत नसे. तालिब घरी आल्या आल्या त्यांनी सांगितलं, “ही पेटी हलव.”

तालिबनं ॲप उघडलं. तक्रारीसाठी तिथं तीन पर्याय होते. पाणी येत नाही, पाणी गढूळ आहे, पडदा बंद आहे. “नाव विचारते, असा नाहीये?” आपांनी विचारलं. नव्हता. त्यानं नम्रताला फोन लावला. ती म्हणाली, सोमवारी बाहेरच्या शहरातून पाहुणे येताहेत, पेठेतली स्मार्ट पाणपोई बघायला. तोवर काही बोलता यायचं नाही. आणि मशीन कंपनीच्या मालकीचं आहे. ते उघडायचं नाही, हलवायचं नाही, त्याची वायर काढायची नाही.

“अजून काय करायचं नाही, तेही विचारून घे,” आपा म्हणाल्या. “सगळं नीट समजलेलं बरं.”

पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, दाराशी माठ ठेवावा. माठ आणला, तिवईवर ठेवला, पाणी काढायचं लांब दांड्याचं ओगराळंही अडकवलं. मग ओगराळ्याकडं बघत उभ्या राहिल्या. गर्दी झाली की कोणीतरी ओगराळं हातात घेणार आणि दुसऱ्याच्या ओंजळीत ओतणार. वरून. त्यांनी माठ आत नेला आणि प्लंबरला फोन केला.

दुकानाच्या आत मोरी होती, तिच्यात नळ होता. रविवारी दुपारी प्लंबरनं मोरीच्या भिंतीला भोक पाडलं आणि दाराच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्याच्या बाजूला नवा नळ काढला. तिकडं ड्रिलचा आवाज चालू असताना आपांनी ठाणातून गादीपाट फाडला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं ते जाड कापड त्यांनी पेटीभोवती गुंडाळलं, आत कापसाचे थर दिले आणि तालिबला म्हणाल्या, “धर तिकडून.”

“अम्मी, हात लावायचा नाहीये मशीनला.”

“कोण लावतंय? मी उघडत नाही, हलवत नाही, वायर काढत नाही. तू बटण दाबलं होतंस ना? आता कापड धर.”

तालिबनं कापड धरलं. आपांनी दाभणात दुहेरी दोरा ओवला आणि पेटीला उभी गादी घातली. चारी कडा शिवल्या, मधून मधून गाठी मारल्या, गादीत कापूस सरकू नये म्हणून मारतात तशा. काम चोख झालं. चुकार टाका आपांना स्वतःच्या दुकानासमोर चालला नसता. आतून बाई बोलत होती, पण आता तिचा आवाज कोणी पांघरूण डोक्यावर घेऊन पुटपुटावं तसा येत होता. गल्लीतली दोन पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली.

सोमवारी सकाळी पाहुणे आले. तीन गाड्या, गळ्यात ओळखपत्रं, एक फोटोग्राफर. पुढं नम्रता. रावसाहेब कोट घालून दारात उभे होते, हातात गुलाबाची फुलं. नम्रता सांगत सांगत वळली, “आणि ही आपली स्मार्ट...” आणि थांबली.

दाराच्या एका अंगाला पट्ट्यापट्ट्यांची गादी उभी होती. दुसऱ्या अंगाच्या नळावर रांग होती. बातमी लागल्यासारखी सगळी आली होती. अभ्यासिकेतली पोरं बाटल्या भरत होती. हमालानं पोतं डोक्यावरच ठेवून एका हातानं नळ सोडला होता. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. पाहुण्यांपैकी एकानं हळूच विचारलं की हा थंडीपासून बचावाचा प्रयोग आहे का.

रावसाहेबांकडं सगळ्यांनी पाहिलं. गेले कित्येक महिने ज्या हिरव्या ठिपक्यासाठी त्यांनी फलक झिजवला, तो आता जाणार होता आणि कदाचित पाणीही. त्यांनी फुलं काखेत धरली. “सोसायटीच्या अध्यक्षांना या प्रकाराची पूर्वकल्पना नव्हती, याची नोंद व्हावी,” ते मोठ्यांदा म्हणाले. मग रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. “कोटात फार उकडतं,” असं त्यांनी पुढच्या पोराला सांगितलं, त्यानं विचारलं नसताना.

नम्रता आपांजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. “मावशी, हे तुम्ही काय केलंत? धार थांबवा म्हटलं तर थांबवलीत. तुमच्याबद्दल मी चांगलं लिहिलं होतं.”

“तू खरं बोललीस, म्हणून थांबवली. आता मी खरं बोलते. तुझी पेटी पाणी देण्याआधी माणसाला विचारते, तू कोण. माझ्या दारात हे चालणार नाही. पाणी मोजा. हवं तर थेंब थेंब मोजा. माणसं मोजायची नाहीत.”

“डेटा नसेल तर सिस्टिम याला गळतीच धरणार. पुरवठा कमी होईल. दुकानाचं कनेक्शनही जाऊ शकतं.”

“जाऊ दे. मी वरच्या घरातून घागर आणेन. ते तोडलंत तर विश्रांतवाडीहून आणेन.”

नम्रतानं रांगेकडं पाहिलं. केरसुण्यांचा एक भारा पायरीला टेकलेला होता. इंदुबाई नळापाशी पोचली होती. तिनं नळ सोडला, ओंजळ भरली, प्यायली, पुन्हा भरली. आपा तिकडं बघायला धजल्या नाहीत. मान खाली घालून उभ्या राहिल्या. पाणी पडण्याचा आवाज थांबेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“मला रिपोर्ट द्यावा लागेल, मावशी,” नम्रता हळू आवाजात म्हणाली. “मशीन झाकलं, अनधिकृत नळ काढला. कोणी केलं, हे लिहावंच लागतं. ते नाही लिहिलं तर माझ्यावर येईल. मी ‘अज्ञात व्यक्ती’ टाकते. चालेल?”

तेवढं करायची तिची तयारी होती, हे आपांना दिसलं. तिच्याबद्दल त्यांना एकदम माया वाटली. पण अज्ञात व्हायला त्यांनी गादी शिवली नव्हती.

“नाही चालणार,” त्या म्हणाल्या. “पिणाऱ्यांची नावं तुला मिळायची नाहीत. पाजणारीचं घे. घे लिहून. कमरजहां यूसुफ नदाफ. पुढचं, मागचं, सगळं घे. वय अडुसष्ट. धंदा गादी शिवणं. राहणार शनिवार पेठ.”

नम्रतानं टॅबवर लिहिलं. रांगेतली माणसं आता आपांकडंच बघत होती. एवढ्या वर्षांत यांतल्या बहुतेकांनी हे नाव पुरतं ऐकलेलं नव्हतं. पाणी पिताना त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

“झालं?”

“झालं.”

“आता मोठ्यानं वाचून दाखव. रांगेत सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”